धणे रगडूनच पेरावेत

नाशिकच्या बाजारात कोथिंबिरीचे दोन भाव पुकारले जातात, एक गावठीचा आणि एक चायनाचा. आमच्या वाईकडच्या आठवडी बाजारात इतकी शिस्त नाही, पण भाजीवालीच्या पाटीत हात घातला की बोटांना फरक कळतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा परसातल्या एका वाफ्यात बारा महिने काही ना काही हिरवं असायचं, आणि त्यातला थंडीचा वाफा ठरलेला होता धण्याचा. बी घरचं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. आत्यांना ते त्यांच्या सासूकडून मिळालेलं. शेतीच्या पुस्तकांत वाई धणा, जळगाव धणा अशी स्थानिक वाणांची नावं येतात. आमच्या घरी मात्र त्याला ‘घरचा धणा’ यापलीकडे नाव नव्हतं. आज तो वाफा मी बघते आणि त्याच धण्याचा मसाला करून थोडाफार विकतेही. या उद्योगातून जे समजलं ते आकडे घालून लिहिते आहे. आकडे सोयीपुरतेच, त्यात लहानमोठा क्रम नाही.

१. गावठी कोथिंबीर नाकाने घ्यावी

गावठीची जुडी बुटकी असते. पान लहान, कातरे खोल, देठ बारीक आणि मुळाजवळ पुष्कळदा जांभळट छटा. चायना म्हणतात ती उंच, रुंद पानाची, एकसारखी हिरवीगार. टोपलीत ती नववधूसारखी सजून बसते आणि गिऱ्हाईक तिच्याकडेच जातं. गावठीची जुडी मात्र पिशवीत तळाला असली तरी रिक्षात सगळ्यांना कळतं की कोणीतरी कोथिंबीर घेतली आहे.

पण गावठी दुपारपर्यंत माना टाकते. दोन दिवस टिकवायची तर मुळांसकट आणावी, पिवळी पानं काढावीत, न धुता कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुऊन ठेवलेली कोथिंबीर काळी पडतेच.

शहरातल्या बायका मला विचारतात, शेतकरी गावठी का पेरत नाहीत? जुडीचा भाव दिसण्यावर आणि आकारावर ठरतो, वासाला कोणी वेगळा रुपया देत नाही. रुंद पानाची जुडी चटकन भरते, प्रवासात टिकते, लवकर फुलावर येत नाही. आज जुडी पन्नासला गेली म्हणून लावावी, तर काढणीच्या दिवशी दोन रुपयांनाही कोणी विचारत नाही आणि शेतकरी उभ्या पिकात मेंढ्या सोडतो. अशा पिकात तो वासासाठी जोखीम घेईल ही अपेक्षाच चुकीची. ज्यांना वास हवा त्यांनी एक तर जास्तीचे पैसे मोजावेत, नाहीतर कुंडी घ्यावी.

२. धणे रगडूनच पेरावेत

ज्याला आपण धण्याचा दाणा म्हणतो ते खरं तर फळ आहे, आणि त्यात दोन बिया पोटाला पोट लावून बसलेल्या असतात. अख्खा धणा मातीत टाकला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि दोन्ही रोपं एकाच जागी भांडत उगवतात. म्हणून फोडायचा. आत्या म्हणायच्या, “धनं फोडल्याबिगर पेरशील तर निम्मं मातीतच ऱ्हाईल.”

फोडायचं कसं, हे मात्र हाताने दाखवावं लागतं. वरवंट्याने ठेचलं की बीच चिरडतं. आमच्याकडे अंगणात गोणपाट अंथरतात, त्यावर धणे एकेरी पसरतात आणि वरून चपलेच्या तळव्याने किंवा लाकडी फळीने हलका दाब देत गोल रगडतात. कट्‌कट् असा बारीक आवाज येतो. तो थांबला की थांबायचं. मूठभर उचलून बघावं. प्रत्येक धण्याची दोन डाळींसारखी शकलं झालेली असली, एका बाजूने फुगीर आणि एका बाजूने सपाट, की काम झालं. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यावर सावलीत कोरडं करून वाफ्यात. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, त्याहून नको. आठ-दहा दिवसांत दोन लांबट पानांची रेघ दिसू लागते. ती खरी कोथिंबिरीची पानं नव्हेत, कातऱ्यांची पानं त्यानंतर येतात. नवखे लोक गवत समजून उपटतात ती हीच.

वाण्याकडचे धणे उगवतात का? कधी उगवतात, कधी नाही. जुने असले तर नाहीच. आणि उगवले तरी ते मसाल्याच्या पेवातले धणे, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थानातून आलेले. पाल्यासाठी त्यांची निवड कोणी केलेली नसते.

३. ऋतूशी झटू नये

गावठी धण्याला थंडी हवी. दसऱ्यानंतर पेरलं की पस्तीस-चाळीस दिवसांत पाला खुडायला येतो आणि संक्रांतीच्या सुमारास फुलोरा. फाल्गुनानंतर पेरलं तर ऊन वाढतं, दिवस लांबतो, आणि झाड पाला धरायच्या आधीच तुरा काढतं. उन्हाळ्यात हवीच असेल तर सावलीची जाळी लावावी किंवा मक्याच्या आडोशाला पेरावं, तेही थोडंच. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचलं की रोप बुडातून जातं. थंडीत ढगाळ हवा आली की भुरी. यावर फार लिहिण्यासारखं नाही, अंगण ज्याचं त्याला आपोआप समजत जातं.

४. फुलावर आलेलं झाड उपटू नये

कोथिंबीर फुलावर आली की ‘गेली’ म्हणतात. माझ्या मते तिथून पुढेच ती रंगात येते. फुलोरा छत्रीसारखा, पांढरा, किंचित गुलाबी. नीट पाहिलं तर कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या अगदी इवल्या असतात. सगळी छत्री मिळून लांबून एकच मोठं फूल दिसावं, अशी ही योजना. जिरे, ओवा, बडीशेप, गाजर ही सगळी याच कुळातली. त्यांचीही फुलं अशीच छत्रीत येतात.

सकाळी नऊच्या उन्हात त्या वाफ्यावर मधमाश्या, बारीक गांधीलमाश्या, ठिपक्यांचे ढालकिडे यांची जत्रा असते. ढालकिडे मावा खातात. हरभऱ्याच्या शेतात कोथिंबिरीच्या ओळी टाकायची जी रीत आहे, तिचं कारणही हेच. कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक परोपजीवी माशी घाटेअळीच्या अंगात अंडी घालून तिला संपवते, आणि त्या माशीला पोटासाठी धण्याच्या फुलातला मध चालतो. आमच्याकडचे जुने लोक बांधाकडेने धणे टाकायचे ते भाजीची सोय म्हणून. अळीचा बंदोबस्त त्यात फुकट व्हायचा.

पण याच माश्यांमुळे बी बिघडतंही. धण्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे पराग बहुतेक दुसरीकडून येतो. शेजारच्या वाफ्यात चायना फुलली असेल तर पुढच्या वर्षीचं आपलं बी अर्धं तिचं होतं. दोन्ही एकाच वेळी फुलू द्यायच्या नाहीत, एवढा एकच उपाय घरच्या माणसाच्या हातात आहे. मी माझा वाफा शेजाऱ्यांच्या आधी पेरते, आणि शेजारच्या जाऊबाईंना सांगून ठेवलं आहे की तुमची फुलायला लागली की मला पाला न्यायला बोलवा. त्यांनाही ते सोयीचं पडतं.

५. बियाण्याची झाडं वेगळी राखावीत

हे आत्यांचं सगळ्यात मोठं देणं. वाफ्यातली चांगली वीस-पंचवीस झाडं त्या सुरुवातीलाच काटक्या रोवून वेगळी करायच्या आणि त्यांचं एक पानही खुडू द्यायच्या नाहीत. पाहुणा आला, वरणावर घालायला काही नाही, तरी नाही. सर्वात आधी फुललेल्या झाडाचं बी त्या कधीच धरत नसत. ते भाजीत. कारण सरळ आहे. लवकर फुलणाऱ्या झाडाचं बी धरत गेलं की दर पिढीला झाड आणखी लवकर फुलू लागतं आणि पाल्याचे दिवस कमी होतात. सर्वांत उशिरा तुरा काढणारं, भरपूर पानाचं आणि चुरगाळल्यावर कडक वासाचं झाड बियाण्याला. शेतकी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे वाण-निवडीचं शास्त्र होतं.

झाडं दोन-तीनच का नाही राखायची? तेवढ्यावर वाण अशक्त होत जातं. शिवाय एखाद्या रोगाने दोन झाडं सहज जातात.

६. हिरवे धणे फक्त घरच्या वाफ्यातच मिळतात

पाला संपला आणि वाळका धणा अजून झाला नाही, या मधल्या दोन-तीन आठवड्यांची चव बाजारात विकत मिळत नाही. छत्र्यांवर हिरवे, टपोरे, रसरशीत मणी लागतात. दाताखाली घेतला की फुटतो, आधी पानाचा झणका येतो आणि मागून संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी गोडसर. काही लोकांना या वासात ढेकूण आठवतो. आमचे धाकटे दीर हिरव्या धण्याच्या वाफ्याजवळून नाक धरून जातात. त्यांची गंमत करायला नको. पानात आणि कच्च्या फळात अल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात, धणा पिकत जातो तशी ती कमी होतात आणि लिनॅलूल नावाचं सुवासिक तेल वाढतं. वाळक्या धण्याच्या तेलात साधारण दोन तृतीयांश तेच असतं. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते तीही याच अल्डिहाइडमुळे, आणि वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध असल्याचं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा ताटातली कोथिंबीर बाजूला काढणाऱ्याला नखरेल म्हणू नये.

हिरव्या धण्याचा ठेचा असा : वाटीभर ओले धणे, चार-पाच हिरव्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, जाडं मीठ. खलबत्त्यात आधी मिरची-लसूण-मीठ कुटायचं, धणे शेवटी घालून फक्त चेचायचे. मिक्सर लावला की धण्याची साल कडू लागते. वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि ज्वारीची भाकरी. हेच चेचलेले धणे ताकात घालून पाहावेत. पिठल्याच्या फोडणीत घातले तर मोहरीसारखे तडतडतात, जरा लांब उभं राहावं.

७. पान शेवटी, धणा आधी

स्वयंपाकातली निम्मी चूक इथे होते. पानाचा वास उष्णतेने उडतो, धण्याचा खुलतो. म्हणून आमटी उतरवल्यावर कोथिंबीर, आणि फोडणीपासून धणे. देठं मात्र पानासारखी वागवू नयेत. गावठीची देठं कोवळी असतात, ती बारीक चिरून कांद्याबरोबर परतावीत किंवा वाटणात घालावीत. गोव्यात कॅफ्रियालचं हिरवं वाटण करतात त्यात कोथिंबीर सजावटीला नसते, सगळा मसालाच तिच्यावर उभा असतो. तिकडे देठासकट जुडी जाते.

कोथिंबीर वडीला गावठीच घ्यावी. धुऊन पंख्याखाली पूर्ण कोरडी करावी, धारदार विळीने एकदाच चिरावी. पुन्हापुन्हा चिरलेल्या पानाला पाणी सुटतं आणि मग बेसन वाढवत बसावं लागतं, शेवटी ती बेसनाची वडी होते. मीठ अगदी शेवटी, उंड्या वळायच्या क्षणी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि त्यांची सांबारवडी म्हणजे पुडाची वडी. पातळ पारीत खोबरं, खसखस, तीळ आणि ढीगभर परतलेली कोथिंबीर. आमची वडी चहाबरोबर चालते, त्यांची पंगतीला शोभते. हे मी सातारकर असूनही कबूल करते.

८. मसाल्याचे धणे रंगावरून घेऊ नयेत

व्यापारात धण्याला बदामी, ईगल, स्कूटर, पॅरट अशी नावं आहेत. जितका हिरवा, तितका महाग. कोट्याकडची रामगंज मंडी, गुणा जिल्ह्यातलं कुंभराज, सौराष्ट्रातलं गोंडल, या मोठ्या बाजारांत ही प्रतवारी चालते. माझा अनुभव असा की रंगाने मसाल्याला काही मिळत नाही. चार दाणे तळहातावर चुरडावेत आणि हुंगावेत. बारीक धण्यात तेल बहुधा जास्त असतं, टपोऱ्या धण्यात साल आणि भरणा जास्त. गोड्या मसाल्यात वजनाने सगळ्यांत जास्त धणेच पडतात. ते दोन कामं करतात, वास देतात आणि सालीतल्या तंतूंनी पाणी धरून रश्शाला दाटपणा आणतात. म्हणून मी दोन्ही मिसळते, बारीक वासाला आणि टपोरा अंगाला.

भाजताना धणे एकटेच कढईत. खोबऱ्याबरोबर टाकले तर खोबरं करपतं किंवा धणे कच्चे राहतात. मंद आच, हात थांबवायचा नाही. आधी ओलसर गवताचा वास येतो, मग काही मिनिटं जवळजवळ काहीच येत नाही आणि माणूस आच वाढवतो. तेवढी मिनिटं धीर धरायचा. त्यानंतर एकदम गोड, खरपूस वास उठतो आणि दाणा दोन बोटांत सहज फुटतो. तिथेच गॅस बंद, धणे लगेच परातीत, कारण तापलेली कढई भाजणं चालूच ठेवते. आमच्याकडे चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, डंकावर कांडून आणतात. चक्कीतून काढलेली पूड हाताला गरम लागते आणि त्या गरमीत वास निघून जातो. धणेपूड करायची तर पंधरा दिवसांपुरती. वर्षभर साठवायचे ते अख्खे धणे.

कोकणात आणि गोव्यात माशाच्या आमटीला धणे बऱ्याच घरी न भाजताच ओलं खोबरं, सुकी मिरची, हळद यांच्याबरोबर पाट्यावर वाटतात. घाटावरच्या बाईला ते कच्चं वाटतं. एकदा खाल्लं की वाटत नाही.

९. धण्याचं पाणी प्यावं, पण औषधाची चिठ्ठी फाडू नये

चैत्र-वैशाखात आमच्याकडे माठाशेजारी धण्याचं पाणी असतंच. आयुर्वेदात याला धान्यक हिम म्हणतात. भरडलेले धणे सहापट गार पाण्यात रात्रभर, सकाळी कुस्करून गाळायचे, चवीला खडीसाखर. शार्ङ्गधरसंहितेत हिमाचं हे सहापटीचं प्रमाण आहे. उन्हाने आग होणे, लघवीला जळजळ, तोंड कोरडं पडणे यांवर बायका पिढ्यान्‌पिढ्या हे देत आल्या आहेत. अपचनाच्या पोटदुखीला धणे-सुंठेचा काढा, आणि वैद्यांकडचं धान्यपंचक, ज्यात धण्याबरोबर सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेल असतो. जेवणानंतरची धणाडाळ म्हणजे साल काढलेला धणाच, मीठ लावून भाजलेला. धनत्रयोदशीला आपण धणे-गुळाचा नैवेद्य दाखवतो तोही दिवाळीच्या फराळाच्या तोंडावर, हा योगायोग मला मोठा शहाणा वाटतो.

पण अलीकडे मसाला न्यायला येणाऱ्या बायका सांगतात, धण्याच्या पाण्याने थायरॉइड जातो म्हणून गोळी बंद केली. मी त्यांना धणे देते आणि गोळी चालू ठेवा म्हणते. धण्याच्या पाण्याने थायरॉइडच्या गोळीचं काम होत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रोज पेलाभर काढा प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर कोथिंबिरीची चटणी वाट्यांनी खाऊ नये, पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. चिमूटभर सजावटीची कोणाला भीती नाही.

१०. झाडं पहाटे कापावीत, बी एका घरात ठेवू नये

छत्र्या निम्म्या-अधिक तपकिरी झाल्या की झाडं दव असतानाच कापायची. ऊन चढल्यावर हात लावला की धणे जमिनीवर. जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या, आठवड्याने गोणपाटावर झोडपायच्या, सुपाने पाखडायच्या. मधल्या, आधी आलेल्या छत्रीचा दाणा भरदार असतो, बियाण्याला तोच. धण्याला बारीक तपकिरी किडा लागतो आणि आतून पीठ करून टाकतो, म्हणून बियाणं पूर्ण वाळवून, चाळलेली राख मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात. दोन वर्षांपुढे त्याचा भरवसा धरू नये, दर थंडीला थोडं तरी पेरायचंच.

एका वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला. सगळ्या छत्र्या काळ्या पडल्या, आणि डब्यातलं जुनं बी उगवलं नाही. वाण माझ्या घरातून गेलं होतं. ते परत आलं ते नणंदेकडून. आत्यांनी तिच्या ओटीत घातलेले धणे तिने भोरजवळच्या तिच्या शेतात दर वर्षी पेरत ठेवले होते. तेव्हापासून मसाला न्यायला येणारी ज्या कोणाकडे जमिनीचा तुकडा किंवा गच्चीत कुंड्या आहेत, तिला मी बियाण्याची पुडी देते आणि तुझी कधी फुलली ते कळव म्हणते. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा, विकायचाही हक्क दिलेला आहे. नोंदणी झालेलं वाण असेल तर ते छापील पाकिटात ब्रँड म्हणून तेवढं विकता येत नाही. माझ्या पुड्या वर्तमानपत्राच्या असतात. वर पेनाने लिहिलेलं असतं : रगडून पेरणे.